पोस्त, बक्षीस आणि देणे

व्यापारी घराच्या बोलीत पैसे देण्याला अनेक शब्द आहेत. हमालाला हमाली, तोलाऱ्याला तोलाई, दलालाला दलाली, अडत्याला अडत. बहिणीला ओवाळणी, पुरोहिताला दक्षिणा. आणि दिवाळीला दुकानातील नोकरमाणसांना, पोस्टमनला पोस्त. प्रत्येक शब्दाबरोबर देणाऱ्याचा हात कसा असावा, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहे. हमाली देताना कोणी उपकाराची भाषा बोलत नाही आणि ओवाळणी देताना कोणी हिशेब विचारत नाही. मात्र सहलीच्या शेवटी वाटाड्याच्या हातावर जे ठेवायचे, त्याला नेमका शब्द सापडत नाही. 'बक्षीस' म्हटले की देणारा उगाच सरदार होतो. 'चहापाणी' म्हटले की घेणारा ओशाळतो. 'चिरीमिरी' या शब्दाला तर आता लाचेचाच वास येतो. म्हणून 'टिप' हा उसना शब्द वापरून वेळ निभावली जाते. पण शब्द उसना असला की रिवाजही उसना राहतो, आणि प्रत्येक प्रवासात तोच वाद नव्याने उभा राहतो.

सोलापूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात जहाजावरील सहलींची चर्चा व्हावी, याचे पूर्वी नवल वाटले असते. वास्तविक या गावाचे जहाजांशी नाते जुने आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. त्या कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाउस अजून उभे आहे. त्याच परिसरातून आता सोलापूरची कुटुंबे सुटीच्या जहाजावर चढतात. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलियाच्या जहाजाने गोवा, कोची, लक्षद्वीप येथे जाता येऊ लागले आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून सकाळी बंदरावर पोहोचणे ही अनेक घरांना परवडणारी गोष्ट झाली. ज्यांची मुले परदेशी आहेत, ती मंडळी अलास्का किंवा भूमध्य समुद्रापर्यंतही जाऊन येतात.

जहाज बंदराला लागले की काही तासांसाठी जमिनीवर उतरून गाव पाहायचे असते. ही सहल बहुधा जहाजावरच विकली जाते, परंतु ती घडवून आणणारी माणसे जहाजाची नसतात. जहाज कंपनी स्थानिक संस्थेला काम देते, स्थानिक संस्था बस ठरवते आणि वाटाड्याला त्या दिवसापुरते बोलावते. प्रवाशाने मोजलेली रक्कम एवढ्या हातांतून खाली झिरपते. व्यापाऱ्याला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. गिरणीपासून गिऱ्हाइकापर्यंत चादरीची किंमत कशी वाढत जाते आणि विणकराच्या हाती त्यातील किती पडते, हे सोलापूरला ठाऊक आहे.

चाटी गल्लीत कापडाचे दुकान असलेले असेच एक कुटुंब सगेसोयरे आणि शेजारी मिळून अडतीस जणांचा मेळा घेऊन कोचीला उतरले होते. बंदराच्या दारात हातात पाटी धरून एक मध्यमवयीन बाई उभी होती. तिची हिंदी मल्याळी वळणाची, पण स्वच्छ होती. तिने फोर्ट कोचीची चिनी जाळी दाखवली. १५२४ मध्ये मरण पावलेल्या वास्को द गामाला ज्या चर्चमध्ये प्रथम पुरले होते, ते सेंट फ्रान्सिस चर्च दाखवले. मट्टनचेरीचा राजवाडा आणि १५६८ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर दाखवले. कार्यक्रमात नसलेली एक गोष्ट मंडळींनी मागितली. मट्टनचेरीच्या गुजराती रस्त्यावर धर्मनाथ भगवंतांचे मंदिर आहे, तेथे दर्शन हवे होते. तिने चालकाशी बोलून वेळ जुळवली, वाटेतील एक थांबा आखडता घेतला आणि कबुतरांना दाणे घालण्याच्या दुपारच्या वेळेला मेळा मंदिरात पोहोचवला. कांदा-लसूण आणि कंदमुळे नसलेले जेवण हवे, म्हणून तिने सकाळीच भोजनालयाला फोन केला होता. गुडघे दुखणाऱ्या दोन आजीबाईंसाठी ती प्रत्येक चढाला मागे थांबत होती आणि पुढे गेलेल्यांना पुन्हा गोळा करीत होती.

परतीच्या वाटेवर बसमध्ये कुजबुज सुरू झाली. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे सरळ होते : सहलीचे पैसे आगाऊ भरले आहेत, जहाजावर माणशी सेवाशुल्कही कापले गेले आहे, मग तिसऱ्यांदा कशासाठी? दुसऱ्या एका गृहस्थांना वाटत होते की मसाल्याच्या दुकानात तिला कमिशन मिळालेच असेल. तिसऱ्यांनी माणशी वीस रुपयांची सूचना केली आणि वर पुस्ती जोडली, "मिळेल त्यात खूष असतात हो ही माणसे." लहान मुलांसह सारी बस ऐकत होती. बाई पुढच्या आसनावर पाठमोरी बसली होती. तिला मराठी येत नव्हते, पण असे संभाषण कोणत्याही भाषेत कळते.

घरातील वृद्ध आजोबा इतका वेळ गप्प होते. ते उठून पुढे गेले आणि त्यांनी तिलाच आदराने विचारले, "बहनजी, आपका रोज कौन देता है?" तिने कुरकुर न करता सांगितले. पगार असा नाही. जहाज येते त्या दिवसाचे ठरलेले पैसे स्थानिक संस्थेकडून मिळतात. पावसाळ्याचे महिने जहाजांविना जातात. जहाजावर कापले जाणारे सेवाशुल्क जहाजावरच्या नोकरवर्गाचे. ते जमिनीवर येत नाही. दुकानात कोणी काही घेतले तर थोडेफार मिळते. त्या दिवशी कोणी काही घेतले नव्हते, हे तिने सांगितले नाही. ते सगळ्यांना माहीत होते.

आजोबा जागेवर परत आले तेव्हा त्यांना वेगळेच काही आठवत होते. त्यांचे वडील एका पेढीवर दिवाणजी होते. आज स्वतःची पेढी असलेल्या या घराची ती दुसऱ्याच्या गादीवरची पिढी. वहीपूजनाच्या रात्री मालक सर्वांसमक्ष पोस्त वाटत असत. नोटा मोठ्याने मोजत, एखादा विनोद करीत, 'यंदा काम बेताचेच, पण सण आहे म्हणून' असे म्हणत. दिवाणजी दोन्ही हातांनी ते घेत आणि घरी येईपर्यंत बरोबरच्या मुलाशी एक शब्द बोलत नसत. पुढे पेढी मालकांच्या पुतण्याकडे गेली. तो दिवाळीच्या सकाळी स्वतः घरी येई, प्रसादाबरोबर पाकीट ठेवी आणि म्हणे, "दिवाणजी, वर्षभर तुमच्या अक्षरावर पेढी चालली." रक्कम दोन्ही वेळा सारखीच होती. मुलाला मात्र वडिलांचा चेहरा दोन निराळ्या माणसांचा वाटला होता. ती गोष्ट साठ वर्षे त्यांच्या मनात राहिली होती.

त्यांनी थोरल्या चिरंजीवांना हाक मारली. माणशी शंभर रुपये, मुलेही धरून. अडतीसशे रुपये गोळा झाले. अडीच हजार बाईंच्या पाकिटात, तेराशे चालकाच्या. चालक दिवसभर कोणाच्या ध्यानात नव्हता. भर उन्हात बस कोठे उभी करावी, एवढीच त्याची दिवसभराची चिंता होती. चिरंजीव पुटपुटले, "बाबा, अशाने यांना सवय लागते." आजोबांनी विचारले, "मार्केट यार्डात पोत्यामागे हमाली ठरलेली आहे. हमालाला सवय लागली, असं आपण म्हणतो का?" बंदर येण्याआधी, बस चालू असतानाच त्यांनी सर्वांच्या वतीने आभाराचे दोन शब्द बोलले. मंदिराचे दर्शन आणि आजीबाईंसाठी मागे थांबणे यांचा त्यांनी नेमका उल्लेख केला. पाकिटे नातीने दिली. आत किती आहेत, हे कोणी मोठ्याने सांगितले नाही.

या प्रसंगातून एक प्रश्न मात्र सुटत नाही, आणि तो चिरंजीवांच्या बाजूचा आहे. ग्राहकाने वरून पैसे द्यायचे, म्हणजे मालकाला कमी मजुरी देण्याची मुभाच मिळत नाही काय? हा आक्षेप खोटा नाही. इतिहास त्याला पुरावा देतो. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीच्या शयनयान गाड्यांवर बहुतांश मुक्त झालेल्या गुलामांतून सेवक नेमले गेले. त्यांना पगार अल्प असे आणि उरलेले प्रवाशांच्या टिपेवर सोडलेले असे. या प्रथेचा तेथेही संताप होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली आणि पुढे आणखी पाच राज्यांनी तसे केले. परंतु हे कायदे टिकले नाहीत. १९२६ पर्यंत शेवटचाही रद्द झाला. सेवकांची स्थिती पालटली ती संघटनेमुळे. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना स्थापन झाली आणि १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. तरीही त्या देशात टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्रीय कायद्याने ठरलेले किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच थांबलेले आहे. काही राज्ये त्याहून अधिक देतात. परंतु तेथील टिप ही अनेकांच्या वेतनाचाच भाग असते, हे परदेशी गेलेल्या भारतीय प्रवाशाने ध्यानी ठेवले पाहिजे.

महाराष्ट्राने हमालांच्या बाबतीत दुसरी वाट काढली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालीला मंडळ, नोंदणी आणि ठरलेला दर दिला. ज्या व्यवसायाला असा आधार मिळतो, तेथे देणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. वाटाड्यांच्या व्यवसायाला तो अद्याप पुरेसा मिळालेला नाही. म्हणून व्यवस्थेचा राग कोणावर काढायचा, याचा विचार करावा लागतो. पाकीट न दिल्याने जहाज कंपनीचे काही बिघडत नाही आणि स्थानिक संस्थेला ते कळतही नाही. बिघडते ते फक्त त्या दिवशी उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचे. तत्त्वाची किंमत जर नेहमी दुसऱ्याच्याच खिशातून जात असेल, तर त्या तत्त्वाचा हिशेब पुन्हा तपासावा लागतो.

याउलट, सक्तीने वसूल केलेली रक्कम ही टिप नव्हे, हेही तितकेच खरे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. देणे ग्राहकाच्या इच्छेवर राहावे, हा त्यामागील आशय आहे. म्हणजे कोणी दमदाटीने मागितले, काम नीट केले नाही, वेळेची टाळाटाळ केली किंवा दुकानामागून दुकाने दाखवून प्रेक्षणीय स्थळे गाळली, तर हात आखडता घेण्याचा प्रवाशाला अधिकार आहे. दुकानातील कमिशनही चोरीचे नसते. तीही एक दलालीच. ती असते हे ओळखून, भिडेपोटी काही न घेता आपल्याला हवे तेवढेच घ्यावे, इतकेच शहाणपण तेथे पुरते.

घरच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर तीर्थयात्रेचे घ्यावे. सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे चढ, टोंकांची परिक्रमा आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाट. गिरनारला सुमारे दहा हजार पायऱ्या. ज्यांना चालवत नाही, ते डोलीत बसतात आणि दुसऱ्यांच्या खांद्यांवरून पर्वत चढतात. डोलीचा दर यात्रेकरूच्या वजनावर ठरतो. तो ठरवताना कित्येकदा घासाघीस होते आणि वजन कमी सांगण्याचा मोहही होतो. श्रावकाचारात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. ते बैलाच्या संदर्भात वाचण्याची सवय झालेली आहे. परंतु खांदा बैलाचा असो की माणसाचा, जास्त ओझे आणि कमी अन्न यांचा अर्थ बदलत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांनुसार निरनिराळे होते, असे म्हटले आहे. विधी म्हणजे देण्याची रीत. दिवाणजींच्या दोन दिवाळ्यांत रक्कम एकच होती. भिन्न होती ती रीत.

येथेच एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. वाटाड्याला दिलेले पैसे दान नव्हेत. दान समजले की पुण्याचा हिशेब सुरू होतो, आणि तो सुरू झाला की घेणारा याचक ठरतो. ज्याने सकाळपासून काम केले, तो याचक नसतो. इ.स. ७७९ मध्ये उद्योतनसूरींनी रचलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात लोभदेव नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. तो सोपाऱ्याहून एका श्रेष्ठीबरोबर समुद्रमार्गे रत्नद्वीपाला जातो, अमाप नफा मिळवतो आणि परतताना त्या भागीदारालाच समुद्रात लोटतो. कारण आता नफ्याची वाटणी करणे त्याच्या जिवावर येते. ती कथा मोठ्या पापाची आहे, अर्धा दिवस सोबत करणाऱ्या वाटाड्याशी तिची तुलना नाही. पण प्रवास सुखरूप झाल्यावर ज्याच्यामुळे तो सुखरूप झाला त्याचा वाटा नकोसा वाटणे, ही वृत्ती फार जुनी आहे, आणि ती पैशाच्या टंचाईतून येत नाही, एवढे त्या कथेतून कळते.

मग व्यवहारात काय करावे? जी घरे दरवर्षी प्रवास करतात, त्यांनी काही गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवल्या तर बसमधील कुजबुज टळते. सहलीच्या पावतीवर वाटाड्याची टिप समाविष्ट आहे का, ते वाचावे. तशी स्पष्ट नोंद नसेल तर नाही असेच समजावे. मोठ्या अमेरिकी जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क लागते. ते जहाजावरील सेवकांचे, बंदरावरील वाटाड्याचे नव्हे. अमेरिकी बंदरांवर मोठ्या बसच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीसाठी माणशी दोन ते पाच डॉलरची प्रथा आहे. स्वतंत्र गाडी व स्वतंत्र वाटाड्या घेतला असेल, तर माणशी हिशेब अपुरा पडतो. तेथे पूर्ण दिवसाच्या श्रमाकडे पाहावे. सुट्या नोटा आधीच काढून ठेवाव्यात. परक्या देशाची नाणी देऊ नयेत. ती बँकेत बदलून मिळत नाहीत आणि घेणाऱ्याच्या खणात पडून राहतात. जपानमध्ये मात्र टिपेचा रिवाज नाही. तेथे पैसे पुढे केल्याने समोरचा माणूस संकोचतो. मनापासूनचे आभार आणि फार तर घरून नेलेली एखादी छोटी भेट तेथे अधिक शोभते.

जैन कुटुंबांनी आणखी एक गोष्ट स्वतःहून ध्यानी घ्यावी. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी, वाटेत दर्शन या गोष्टी त्या घरांना सहज वाटतात; वाटाड्यासाठी मात्र त्या वेळापत्रकाबाहेरचे काम असतात. इतर प्रवाशांसाठी तो जे करतो, त्याहून अधिक त्याला येथे करावे लागते. नियम पाळणाऱ्याचे असतात. त्यासाठी लागणारे श्रम दुसऱ्याचे असतील, तर त्यांचे मोल नियम पाळणाऱ्यानेच द्यावे, यात वेगळे समजावण्यासारखे काही नाही. आणि चालकाला विसरू नये.

चाटी गल्लीतील त्या घरात प्रवासखर्चाची एक वही ठेवली जाते. पूर्वी तिच्यात अशी रक्कम 'किरकोळ' या सदराखाली लिहिली जाई, आणि कधी मोठी असली तर धर्मादायाकडे टाकली जाई. कोचीहून परतल्यावर आजोबांनी नातीकडून एक नवे सदर उघडून घेतले. आता प्रवासाला निघण्यापूर्वीच, रेल्वेच्या आणि जहाजाच्या भाड्याखाली, तिसरी रक्कम मांडली जाते. तिचे सदर 'देणे' असे आहे.